'जिद्दी' इंग्रजीत लिहिताना: स्टबर्न, पर्सिस्टंट, डॉगिड की टेनेशस?

नोकरीच्या अर्जात कुणी "आय ॲम अ व्हेरी स्टबर्न पर्सन" असं लिहितं, तेव्हा त्याला म्हणायचं असतं, "मी जिद्दी आहे." वाचणाऱ्यापर्यंत पोचतं ते असं: "मी कुणाचं ऐकत नाही." शिफारसपत्रात एखाद्या विद्यार्थिनीच्या चिकाटीचं कौतुक करायचं असतं, तिथे 'ऑब्स्टिनेट' शब्द पडतो आणि कौतुकाची तक्रार होऊन बसते. उलटंही घडतं. अडून बसलेल्या मंडळींवर टीका करायची असते आणि 'रिझोल्यूट' हा शब्द वापरून आपण त्यांना मानपत्र देऊन टाकतो.

यात व्याकरण कुठेच चुकलेलं नसतं. स्पेलिंग बरोबर, वाक्य बरोबर, त्यामुळे संगणकाचा तपासनीस गप्प बसतो. चूक असते ती क्रमाची. आपण आधी मराठी शब्द डोक्यात धरतो, मग त्याचा इंग्रजी प्रतिशब्द शोधतो आणि शेवटी वाक्य जुळवतो. हा क्रम उलटा करायला हवा. आधी पूर्ण वाक्याचा रोख ठरवायचा, मग माणूस नेमका कशाला धरून आहे ते पाहायचं, आणि शब्दाकडे त्यानंतर वळायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळला तर पुढचा लंगडा पडतो.

## पूर्वतयारी

सुरुवात करण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी ठेवा.

पहिली म्हणजे पूर्ण मराठी वाक्य. 'जिद्दी' हा सुटा शब्द पुरत नाही. "कोण, कशासाठी, कशाच्या विरोधात अडून राहिलं आणि हे कोण सांगतंय" एवढं त्या वाक्यात आलं पाहिजे. "तो जिद्दी आहे" यावरून कुणालाच शब्द निवडता येणार नाही. "दोनदा नापास होऊनही त्याने परीक्षेचा नाद सोडला नाही" यावरून येतो.

दुसरी म्हणजे इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या अशा डिक्शनऱ्या नेटवर मोफत पाहता येतात. त्यांत शब्दाच्या अर्थाशेजारी 'अप्रूव्हिंग' किंवा 'डिसअप्रूव्हिंग' अशी बारीक अक्षरांतली खूण असते. शब्द कौतुकाचा आहे की नापसंतीचा, हे ती खूण सांगते. बहुतेक जण अर्थ वाचतात आणि ही खूण ओलांडून पुढे जातात. आपल्या कामासाठी अर्थापेक्षा तीच जास्त महत्त्वाची आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे एक सावधगिरी, आणि माझ्या मते निम्म्या चुकांचं मूळ इथेच आहे. मराठीत 'जिद्द' हा अभिमानाचा शब्द आहे. "जिद्दीने शिकली", "जिद्दीचा खेळाडू" असं आपण कौतुकाने म्हणतो. हिंदीत मात्र 'जिद्दी बच्चा' म्हणजे आपल्याकडचं हट्टी मूल. शब्द एकच, पण वजन उलटं. भाषांतराची ॲप आणि बहुभाषी शब्दयाद्या पुष्कळदा हिंदी अर्थ धरून 'जिद्दी' समोर 'स्टबर्न' मांडतात. मराठी माणूस तो विश्वासाने उचलतो आणि आपल्या जिद्दीचा हट्ट करून टाकतो.

इशारा: 'जिद्दी'साठी ॲपने दिलेला पहिला शब्द कधीही थेट वापरू नका.

## टप्पा १: निवाडा ठरवा

या कुटुंबातल्या जवळजवळ प्रत्येक इंग्रजी शब्दात बोलणाऱ्याचं मत दडलेलं असतं. वागणं तेच असलं तरी ते आवडलं की नाही, यावरून शब्द बदलतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर याचं एक नेमकं उदाहरण दिलं होतं: "आय ॲम फर्म, यू आर ऑब्स्टिनेट, ही इज अ पिग-हेडेड फूल." मी ठाम, तुम्ही हट्टी आणि तो अडेलतट्टू मूर्ख! तिघंही आपापल्या मतावरून हललेले नाहीत. बदलली आहे ती फक्त सांगणाऱ्याची नजर.

तेव्हा आपल्या मराठी वाक्यापुढे पेन्सिलीने तीनपैकी एक शब्द लिहा: कौतुक, तक्रार किंवा नोंद. 'नोंद' म्हणजे कोणतीच बाजू न घेता सांगणं. बातमी, अहवाल, वैद्यकीय टिपण यांत ती लागते.

ठोकळमानाने विभागणी अशी पडते. कौतुकाच्या बाजूला डिटर्मिन्ड, रिझोल्यूट, टेनेशस, स्टेडफास्ट आणि पर्सिव्हिअरन्स. डॉगिडही त्याच बाजूचा, फक्त त्यात थोडा घाम मिसळलेला. तक्रारीच्या बाजूला ऑब्स्टिनेट, हेडस्ट्राँग, पिग-हेडेड, विलफुल आणि इन्ट्रान्सिजंट. मधे कुंपणावर पर्सिस्टंट आणि ॲडमंट. स्टबर्न तक्रारीकडे झुकलेला असतो, पण कधीकधी कुंपण ओलांडतो. ते कधी, हे चौथ्या टप्प्यात येईल.

तपासणी: ज्याच्याबद्दल लिहिताय त्याने हे वाक्य वाचलं तर तो आभार मानेल की स्पष्टीकरण मागेल? उत्तर तुम्ही लिहिलेल्या पेन्सिलीच्या शब्दाशी जुळलं पाहिजे.

## टप्पा २: माणूस कशाला धरून आहे?

निवाडा ठरला की शब्दांची यादी अर्ध्यावर येते. आता तिला दुसरी चाळणी लावायची. हट्ट असो की निर्धार, माणूस कशाला तरी धरून असतो, आणि ते 'कशाला' प्रत्येक शब्दात वेगळं असतं.

पुढे गाठायचं ध्येय धरलं असेल तर डिटर्मिन्ड. घेतलेला निर्णय धरला असेल आणि दबाव आला तरी तो बदलत नसेल तर रिझोल्यूट. एखादी व्यक्ती, तत्त्व किंवा निष्ठा धरली असेल तर स्टेडफास्ट. तीच कृती पुन्हा पुन्हा चालू असेल तर पर्सिस्टंट. हाती आलेली गोष्ट सुटू द्यायची नसेल तर टेनेशस. याचं मूळ लॅटिनमधल्या 'धरणे' या क्रियापदात आहे, म्हणून या शब्दाचा गाभा पकड हाच. आपलं म्हणणं धरलं असेल तर ॲडमंट, आणि ते म्हणणं चुकीचं आहे असं सांगणाऱ्याला वाटत असेल तर ऑब्स्टिनेट. स्वतःची मर्जीच धरली असेल तर हेडस्ट्राँग किंवा विलफुल.

बहुतेक चुका 'ध्येय' आणि 'मत' यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. "ती डॉक्टर व्हायचंच म्हणते" यात ध्येय आहे, म्हणून 'शी इज डिटर्मिन्ड टु बिकम अ डॉक्टर'. "आपण काही चुकलो नाही असं ती ठामपणे म्हणते" यात मत आहे, म्हणून 'शी इज ॲडमंट दॅट शी डिड नथिंग राँग'. दोन्ही ठिकाणी मराठीत आपण 'ठाम' म्हणू शकतो. इंग्रजीत अदलाबदल केली की वाक्य अडखळतं.

इशारा: डिटर्मिन्ड, रिझोल्यूट, ॲडमंट, हेडस्ट्राँग हे शब्द मन असणाऱ्यांसाठीच आहेत. डाग, खोकला, पाऊस, अफवा यांना ते लागत नाहीत. त्यांच्यासाठी स्टबर्न, पर्सिस्टंट, टेनेशस, रिलेन्टलेस ही मंडळी आहेत.

## टप्पा ३: काळ आणि अडथळा मोजा

हा टप्पा लहान आहे, पण कौतुकाच्या बाजूचे शब्द एकमेकांपासून वेगळे काढायला दुसरा उपाय नाही.

काम सुरू व्हायच्या आधीही माणूस डिटर्मिन्ड असू शकतो. अजून एकही अडचण आलेली नसली तरी चालतं, कारण हा शब्द मनाच्या तयारीबद्दल बोलतो. पर्सिस्टंट म्हणायला निदान काही वेळा तरी तीच गोष्ट केलेली असावी लागते. पर्सिव्हिअर म्हणायला वाट लांबची आणि कठीण लागते. सोप्या कामात कुणी पर्सिव्हिअर करत नाही. आणि डॉगिड म्हणायला थकवा दिसावा लागतो: वेग नाही, चमक नाही, तरी पाऊल थांबत नाही.

म्हणूनच पहिल्याच प्रयत्नात हसतखेळत यश मिळवणाऱ्याला डॉगिड म्हणणं चूक आहे, आणि कालच ठराव करून अजून कामाला न लागलेल्याला पर्सिस्टंट म्हणणंही चूकच.

तपासणी: वाक्यात अडचण कुठे आहे? ती सापडत नसेल तर पर्सिव्हिअर आणि डॉगिड बाजूला ठेवा.

## टप्पा ४: आता शब्द निवडा, जोडीने

यादीत आता दोन-तीनच शब्द उरलेले असतात. ते शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. नेहमी गोंधळ होतो तो पुढच्या जोड्यांत.

स्टबर्न आणि ऑब्स्टिनेट. दोन्ही तक्रारीचे, पण सारखे नव्हेत. स्टबर्न हा स्वभाव असू शकतो. लहान मुलाबद्दल, आजोबांबद्दल, स्वतःबद्दलही तो थोड्या मायेने म्हणता येतो. ऑब्स्टिनेटमध्ये माया नाही. समजावून सांगितलं, कारणं दिली, तरी ऐकत नाही, अशा अवास्तव ताठरपणाकडे तो बोट दाखवतो. मराठीत जवळ जायचं तर पहिला 'हट्टी' आणि दुसरा 'हेकेखोर'.

स्टबर्नची खरी मेख वेगळीच आहे. तो माणसाला लावला की दोष होतो, आणि माणसाच्या कृतीला लावला की पुष्कळदा दाद होते. 'अ स्टबर्न मॅन' म्हणजे हट्टी माणूस. 'स्टबर्न रेझिस्टन्स' म्हणजे मोडून न पडणारा प्रतिकार. क्रिकेटच्या इंग्रजी वार्तांकनात शेवटच्या जोडीने तासभर किल्ला लढवला की तिला 'स्टबर्न पार्टनरशिप' म्हणतात, आणि ती शाबासकीच असते. 'स्टबर्न डिटर्मिनेशन' हेही असंच रुळलेलं, कौतुकाचं जोडपं. तेव्हा स्टबर्न वापरायचा मोह आवरत नसेल तर तो व्यक्तीवरून उचलून तिच्या प्रयत्नावर ठेवा.

निर्जीव गोष्टींना तो बिनधास्त चालतो. न जाणारा डाग हा 'स्टबर्न स्टेन'. अर्थविषयक बातम्यांत खाली यायचं नाव न घेणाऱ्या महागाईबद्दल 'इन्फ्लेशन रिमेन्स स्टबर्नली हाय' हे वाक्य वरचेवर भेटतं. तिथे कुणाच्या स्वभावाचा प्रश्नच नसतो.

पर्सिस्टंट आणि पर्सिव्हिअरिंग. पर्सिस्ट म्हणजे चालू राहणं, बस. चांगलंही चालू राहतं, वाईटही. औषधाच्या वेष्टनावर 'इफ सिम्प्टम्स पर्सिस्ट' असतं: लक्षणं राहिली तर डॉक्टरांना दाखवा. तोच शब्द पुन्हा पुन्हा फोन करून भंडावणाऱ्या विक्रेत्यालाही लागतो आणि वारंवार गुन्हा करणाऱ्यालाही. पर्सिव्हिअर मात्र कष्टाच्या आणि भल्या कामासाठीच राखून ठेवलेला आहे. गुन्हेगार पर्सिस्ट करतो, पर्सिव्हिअर करत नाही. खोकलाही पर्सिव्हिअर करत नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या नासाच्या रोव्हरचं नाव 'पर्सिव्हिअरन्स' आहे. दूरच्या आणि अवघड कामगिरीला ते कसं चपखल बसतं ते पाहिलं की शब्दाची जात लक्षात राहते.

शिफारसपत्रात 'पर्सिस्टंट' एकटा सोडू नका. "शी इज पर्सिस्टंट" एवढ्यावरून ती पिच्छा पुरवणारी वाटू शकते. पुढे लगेच कशात ते सांगा: अवघड प्रश्न सोडवण्यात, माहिती मिळवण्यात. मग तो गुण होतो.

पर्सिस्टंट, कन्सिस्टंट, इन्सिस्टंट. कानाला सारखे लागतात म्हणून यांची अदलाबदल होते. रोज ठरल्या वेळी अभ्यास करणारा कन्सिस्टंट, त्याच्यात सातत्य आहे. अपयश आलं तरी पुन्हा बसणारा पर्सिस्टंट, त्याच्यात चिकाटी आहे. दुसऱ्याने अमुक केलंच पाहिजे म्हणणारा इन्सिस्टंट, तो आग्रही आहे. पहिला नेम चुकवत नाही, दुसरा हार मानत नाही, तिसरा समोरच्याला सोडत नाही. अर्जांत सर्वांत जास्त गल्लत पहिल्या दोघांची होते. "माझ्या अभ्यासात सातत्य आहे" म्हणायचं असेल तर पर्सिस्टंट नको.

टेनेशस आणि डॉगिड. ही निवड खरोखर नाजूक आहे, म्हणून जरा जवळून पाहू. दोघंही सोडत नाहीत. टेनेशसची ताकद पकडीत आहे. तो प्रश्नाला घट्ट धरतो, एक बाजू निसटली तर दुसरीकडून पकडतो. त्यात चपळाई आणि बुद्धी असू शकते. बचाव करणारा फुटबॉलपटू, उलटतपासणी घेणारा वकील, धागा न सोडणारा पत्रकार हे टेनेशस. स्मरणशक्तीही 'टेनेशस' असते, म्हणजे एकदा आत गेलेलं बाहेर न पडू देणारी. डॉगिडची ताकद सहनशक्तीत आहे. तो त्याच वाटेने, त्याच गतीने, वाकून चालत राहतो. मराठीत पहिल्याला 'चिवट' म्हणता येईल, दुसऱ्याला 'नेटाने करणारा'. शोधाच्या कामात नवनव्या युक्त्या काढणाऱ्या संशोधकाला डॉगिड म्हटलं तर त्याची कल्पकता झाकली जाते. रोजची हजारो पानं निमूटपणे तपासणाऱ्याला टेनेशस म्हटलं तर त्याचे कष्ट दिसत नाहीत.

रिझोल्यूट आणि स्टेडफास्ट. दबावापुढे न झुकणारा रिझोल्यूट, आणि काळ बदलला तरी न ढळणारा स्टेडफास्ट. संकटातलं नेतृत्व रिझोल्यूट, जन्माची मैत्री स्टेडफास्ट. दोन्ही जरा भारदस्त शब्द आहेत. घरगुती निरोपात किंवा साध्या ईमेलमध्ये ते जड वाटतात, तिथे 'फर्म' पुरतो.

हेडस्ट्राँग आणि स्ट्राँग-विल्ड. इथे सावध राहा. हेडस्ट्राँग म्हणजे 'मनाने खंबीर' असा समज सर्रास आढळतो. तो चूक आहे. कुणाचा सल्ला न घेता, परिणामांचा विचार न करता स्वतःच्या मनाचंच करणारा तो हेडस्ट्राँग. खंबीर मनासाठी 'मेंटली टफ' आहे. एखाद्याच्या हट्टीपणाबद्दल सौम्य शब्दांत लिहायचं असेल तर 'स्ट्राँग-विल्ड' उपयोगी पडतो. पालकांना मुलाविषयी लिहिताना शिक्षकांनी हाच वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात खोटं काही नाही आणि दुखावणारंही नाही. 'हार्ड-हेडेड' याहून वेगळा: भावनेत न वाहणारा, व्यवहारी. डोक्याशी जोडलेले हे शब्द नुसत्या अंदाजाने वापरायचे नाहीत.

विलफुल मुलाला लावला तर 'मनमानी करणारं', आणि कायद्याच्या भाषेत 'हेतुपुरस्सर'. 'विलफुल डॅमेज' म्हणजे जाणूनबुजून केलेली नासधूस, तिथे हट्टाचा संबंध नाही. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये मधे एक 'एल', अमेरिकनमध्ये दोन.

तपासणी: निवडलेला शब्द काढून त्याच्या जागी जोडीतला दुसरा ठेवा. वाक्याचा अर्थ तसूभरही बदलला नाही, तर तुम्ही अजून दुसऱ्या टप्प्यावरच आहात. मराठी वाक्यात तपशील वाढवा आणि परत या.

## टप्पा ५: पुढचा शब्द बरोबर जोडा

योग्य शब्द मिळाला की घाईने वाक्य पूर्ण केलं जातं आणि शब्दयोगी अव्यय चुकतं. प्रत्येकाची जोडी ठरलेली आहे.

डिटर्मिन्डपुढे 'टु' आणि क्रियापदाचं मूळ रूप: 'डिटर्मिन्ड टु विन'. 'डिटर्मिन्ड फॉर विनिंग' नाही. पर्सिस्टपुढे 'इन' आणि आयएनजी रूप: 'पर्सिस्टेड इन आस्किंग'. 'पर्सिस्टेड टु आस्क' ही फार आढळणारी चूक आहे. इन्सिस्टपुढे 'ऑन'. पर्सिव्हिअरपुढे बहुधा 'विथ' किंवा 'इन'. ॲडमंटपुढे 'दॅट' घालून पूर्ण वाक्य, किंवा 'अबाउट'. स्टेडफास्ट आणि रिझोल्यूटपुढे 'इन'. स्टबर्नपुढे 'अबाउट'. 'ही इज स्टबर्न टु गो' असं वाक्य इंग्रजीत बसत नाही. जायचा हट्ट धरला असेल तर 'ही इन्सिस्ट्स ऑन गोइंग' म्हणा.

नकाराच्या बाबतीत क्रियाविशेषण सगळा निवाडा फिरवतं. 'स्टबर्नली रिफ्यूज्ड' म्हणजे उगाच अडून बसला. 'स्टेडफास्टली रिफ्यूज्ड' म्हणजे तत्त्वाला जागला. नकार तोच. बातमी लिहिणाऱ्याने हे दोन्ही टाळून नुसतं 'रिफ्यूज्ड' लिहावं आणि निवाडा वाचकावर सोडावा.

इशारा: 'डिटर्मिन्ड' हे क्रियापदही आहे. 'द डॉक्टर डिटर्मिन्ड द कॉज' म्हणजे डॉक्टरांनी कारण निश्चित केलं. इथे निर्धाराचा काही संबंध नाही.

## टप्पा ६: नाम, स्पेलिंग, उच्चार

विशेषण नीट आलं आणि नाम करताना घसरलं, असं वारंवार होतं. ऑब्स्टिनेटचं नाम 'ऑब्स्टिनसी', टेनेशसचं 'टनॅसिटी'. रिझोल्यूटसाठी बहुतेक ठिकाणी 'रिझॉल्व्ह' हेच नाम चांगलं, म्हणजे मनातला निर्धार. 'रेझोल्यूशन' म्हणजे एक ठरलेली गोष्ट, नववर्षाच्या संकल्पासारखी, किंवा सभेतला ठराव. "तिचा निर्धार डळमळला नाही" यात 'रिझॉल्व्ह' हवं. ॲडमंटचं नाम करण्याच्या फंदात पडू नका, वाक्य फिरवा.

'ग्रिट' हे नाम आहे आणि त्याचं अनेकवचन होत नाही. 'शी हॅज ग्रिट' ठीक. 'ग्रिटी' हे विशेषण मात्र जपून वापरा. खेळाच्या बातम्यांत ते धीटपणासाठी येतं, पण चित्रपट-कादंबऱ्यांच्या संदर्भात त्याचा अर्थ 'रखरखीत वास्तव दाखवणारं' असा होतो, आणि शब्दशः 'वाळूमिश्रित'.

स्पेलिंगच्या दोन जागा पक्क्या करून ठेवा. पर्सिस्टन्सचा शेवट 'ई-एन-सी-ई', पर्सिव्हिअरन्सचा 'ए-एन-सी-ई'. आणि पर्सिव्हिअरच्या पोटात 'सिव्हिअर', म्हणजे 'तीव्र' हा शब्द जसाच्या तसा आहे. 'पी-ई-आर' आणि त्यापुढे 'सिव्हिअर', एवढंच. पुष्कळ जण मधे आणखी एक 'आर' घालून त्याचा 'सर्व्हर' करतात. स्टबर्ननेसमध्ये 'एन' दोनदा लागतो, कारण मूळ शब्दाचा एक आणि 'नेस'चा एक.

उच्चारात डिटर्मिन्डचा शेवट 'मिन्ड' असा ऱ्हस्व आहे, 'माइन्ड' नव्हे. मुलाखतीत ही चूक लगेच कानाला खटकते. डॉगिड विशेषण असताना दोन अवयवांचं (सिलॅबलचं): डॉ-गिड. त्याच स्पेलिंगचं क्रियापद असेल, म्हणजे 'दुखापतींनी त्याचा पिच्छा पुरवला' अशा अर्थाने 'डॉग्ड बाय इंज्युरीज', तर एकाच अवयवाचं. ऑब्स्टिनेटमध्ये जोर पहिल्या अवयवावर, आणि शेवटचा उच्चार 'निट'च्या जवळ जाणारा.

## टप्पा ७: एक वाक्य शेवटपर्यंत नेऊन पाहू

मराठी वाक्य: "प्रयोग पुन्हा पुन्हा फसला, पण तिने हट्ट सोडला नाही आणि दर वेळी वेगळी पद्धत वापरून पाहिली." हे शिफारसपत्रात जायचं आहे.

निवाडा: कौतुक. म्हणजे वाक्यात 'हट्ट' असला तरी ऑब्स्टिनेट आणि स्टबर्न दोन्ही बाद. मराठीत आपण प्रेमाने 'हट्ट' म्हणतो, ते प्रेम इंग्रजी शब्दात उतरत नाही. कशाला धरून आहे? निर्णयाला किंवा निष्ठेला नव्हे, एका प्रश्नाला. रिझोल्यूट आणि स्टेडफास्टही गेले. अडथळा आहे आणि पुनरावृत्ती आहे, म्हणून पर्सिस्टंट, डॉगिड, टेनेशस उरले. "दर वेळी वेगळी पद्धत" हा तपशील डॉगिडला बाजूला करतो, कारण ती एकाच वाटेने चाललेली नाही. पर्सिस्टंट चालेल, पण ते वेगळेपण त्यात उतरत नाही. राहिला टेनेशस.

आता वाक्य: 'शी इज अ टेनेशस रिसर्चर: व्हेन द एक्सपेरिमेंट फेल्ड, शी चेंज्ड द मेथड अँड ट्राइड अगेन.' विशेषण एकदाच आलं आणि त्याचा पुरावा लगेच पुढे आला. 'टेनेशस, डिटर्मिन्ड अँड पर्सिस्टंट' अशी तिहेरी माळ घालायची गरज नाही. तिघं एकत्र आले की एकाचंही वजन उरत नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखं उदाहरण नाही.

पुरावा इतका चांगला असेल तर विशेषण गाळूनही पाहा. 'शी केप्ट ॲट इट' किंवा 'शी स्टक विथ इट' ही साधी क्रियापदं पुष्कळदा जास्त पोचतात. इथेही जोडी सांभाळा: ठरलेल्या योजनेला किंवा तत्त्वाला धरून राहणं 'स्टिक टु', अवघड काम किंवा अडचणीतला माणूस न सोडणं 'स्टिक विथ'.

## दुर्मिळ शब्दांचं काय?

वाचनात आणखी काही शब्द भेटतील. ते ओळखता आले तरी पुरे, लिहिताना त्यांच्या मागे लागू नका. इन्ट्रान्सिजंट वाटाघाटीत तडजोडीला तयार नसतो. रिकॅल्सिट्रंट अधिकाऱ्याचा किंवा शिक्षकाचा हुकूम मानत नाही. ऑब्ड्युरेटचं मन दयेने किंवा पश्चात्तापाने द्रवत नाही. पर्टिनेशस हा टेनेशसचा पुस्तकी भाऊ, आणि त्यात कंटाळा येईपर्यंत चिकटून राहण्याची छटा आहे. चौघंही औपचारिक, आणि पहिले तीन उघड नापसंतीचे.

रिलेन्टलेस मात्र रोजच्या वापरातला आहे आणि दोन्ही बाजूंना जातो. 'रिलेन्टलेस हीट' म्हणजे जराही उसंत न देणारं ऊन. 'रिलेन्टलेस एफर्ट' म्हणजे अथक प्रयत्न. व्यक्तीला लावला तर त्यात निष्ठुरपणाची झाक येते, म्हणून तोही माणसावर न ठेवता प्रयत्नावरच ठेवावा.